नवसीला शहाण्णव टक्के

“आजपासून या जिल्ह्यात एकही मूल अडखळत वाचणार नाही!” असं मेहुल सरांनी पालघरच्या एका सभागृहात जाहीर केलं, तेव्हा टाळ्या झाल्या. मेहुल सर हे ‘स्पष्टवाणी’ अ‍ॅपचे जनक. मूल मोबाइलसमोर उतारा वाचतं, अ‍ॅप ऐकतं आणि मूल किती टक्के वाचक आहे ते सांगतं. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी प्रमुख पाहुण्यांनाच पुढे बोलावलं. पाहुण्यांची चाळीस वर्षं भाषणं करण्यात गेलेली. त्यांनी घसा साफ केला, तिसरीचा उतारा खणखणीत वाचला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर निकाल उमटला: एकोणचाळीस टक्के. त्याखाली एक माकड नाचत म्हणालं, “पुन्हा प्रयत्न कर, छोट्या दोस्ता!”

चारशे शिक्षकांनी नोकरीची आठवण ठेवून श्वास रोखला. हसली फक्त एक बाई. शेवटून दुसऱ्या रांगेत. हसली, मग तोंडाशी पदर नेऊन हसू गिळलं, आणि ते गिळताना पहिल्यापेक्षा मोठा आवाज झाला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दिग्विजयनं वळून पाहिलं.

नाव दिग्विजय असलं तरी त्यानं आजवर शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यतसुद्धा जिंकलेली नव्हती. वडील कऱ्हाडकडून तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मुलानं मराठीत एम. ए. केलं, म्हणजे घरच्यांनी आशा सोडली. आता तो मेहुल सरांच्या कंपनीत कंत्राटी पडताळणी सहायक होता. बोईसरला टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून पोरांचे आवाज ऐकायचे आणि ‘खरा’ किंवा ‘बनावट’ यांपैकी एक बटण दाबायचं. बाहेर कारखान्यांचा वास, आत पोरांचे आवाज. वासाला बटण नव्हतं.

चहाच्या रांगेत ती नेमकी त्याच्या पुढे आली.

“मघाशी तुम्हीच हसलात ना?” त्यानं विचारलं.

“नाय हो. माकड हसलं.” तिनं वळूनही पाहिलं नाही. “एक सांगा साहेब, नेटवर्क नसेल तर काय करायचं?”

“ऑफलाइन रेकॉर्ड करायचं. मग जरा उंचावर गेलं की आपोआप वर जातं.”

“आमी डोंगरावरच राहतो. आणखी उंच म्हणजे… झाडावर चढू?”

“झाड कुठलं आहे?”

“चिंच.”

“मग चढा. चिंच तरी मिळेल.”

आता मात्र तिनं वळून पाहिलं. रंग काळासावळा, डोळे असे की समोरच्याला आपली शर्टाची बटणं नीट लागलीत का ते तपासावंसं वाटावं. दिग्विजयनं तपासली. एक उघडं होतं.

तिचं नाव दीपिका. मनोरच्या पुढे चिंचखिंड नावाच्या पाड्यावर ती एकशिक्षकी शाळा चालवत होती. त्याच डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर वाढलेली, घराण्यातली पहिली शिकलेली. नेमणूक कंत्राटी. पटावर मुलं वीस. बरोब्बर वीस.

या वीसला महत्त्व होतं. अ‍ॅपवर प्रत्येक मुलानं दर शुक्रवारी उतारा वाचायचा. सलग तीन शुक्रवार चुकले की मूल ‘निष्क्रिय’. सक्रिय मुलं विसाच्या खाली गेली की शाळा ‘समायोजित’, म्हणजे नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत विरघळवून टाकायची. हा शब्द ज्यानं शोधला, त्याला ‘बंद’ म्हणताना लाज वाटत असणार. मधे ओढा. पावसाळ्यात तो ओलांडून तिसरीचं मूल शाळेत जाणार नाही, हे पाड्यावर कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

आणि नेमकी दिवाळी झाली होती. दिवाळी झाली की पाड्यावरची भातं आटपतात आणि माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरांसकट. भट्टीला शुक्रवार नसतो.

डिसेंबरात दिग्विजयच्या कानांवर चिंचखिंडीचे उतारे आले. ‘माझ्या घरासमोर सुंदर बाग आहे. बागेत कारंजे आहे.’ एक आवाज नाक चोंदलेला, एक बोबडा, एक चिरका. वीस मुलं, वीस आवाज. पण विसांपैकी तेरा जणांचा ‘कारंजे’ म्हणायच्या आधी श्वास अडकायचा. कुणीतरी हसू गिळावं तसा. चौथ्या आवाजाला त्यानं हेडफोन घट्ट दाबला. सातव्याला तो खुर्चीत ताठ बसला. तेराव्याला तो स्वतःच हसत होता. हे गिळलेलं हसू त्यानं कुठं ऐकलं होतं, ते सांगायला एम. ए.ची गरज नव्हती.

नियमानं ‘बनावट’ दाबायचं. त्यानं शनिवारी मोटारसायकलला किक मारली.

वर पोचला तेव्हा वर्गात सात मुलं होती आणि सातही नखशिखांत भिजलेली. दीपिकानं प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला भोकं पाडली होती आणि बाटली दाबून ती कारंजं शिकवत होती.

“एवढंच हाय कारंजं?” एक मुलगी निराश झाली. “आमच्या हंड्याला पण हाय.”

सुट्टी झाल्यावर तो म्हणाला, “बाई, तेरा मुलं कुठंयत?”

“वाचली ना शुक्रवारी.”

“वाचली. एकाच घशातून.”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग म्हणाली, “भट्टीवर हायेत. मोबाइलवर आवाज पाठवतात, पण मागं ट्रॅक्टर घुरघुरतो. अ‍ॅप म्हणतं, आवाज अस्पष्ट. मे महिन्यात परत येतील, तेव्हा शाळा जागेवर नको का?… करा तक्रार. तुमची नोकरीच ती.”

“करणारच होतो,” दिग्विजय म्हणाला. “पण तुमचं काम कच्चं आहे. तेराही मुलं एकाच जागी अडखळतात. प्रत्येकाला आपापली चूक द्या. अस्सल मूल नव्वदच्या वर जात नाही.”

“साहेब… तुमी लबाडी शिकवताय?”

“भाषा शिकवतोय. लबाडी तुम्हाला येतेच.”

त्या दिवसापासून शुक्रवार हा दिग्विजयचा सण झाला. उतारा संपला की दीपिका नाक चोंदलेल्या मिथुनच्या आवाजात हळूच विचारायची, “बाई इचारतात, साहेब जेवले का?” बोबड्या आवाजात निरोप यायचा, “बाईंनी आद निली छाली नेछली आहे.” उत्तराला वाट एकच होती. अ‍ॅपमध्ये ‘मुलाला शेरा’ असा चौकोन होता. तो शेरा यंत्राची बाई गोड, निर्विकार आवाजात वाचून दाखवायची. टायरच्या दुकानावरून दिग्विजय लिहायचा आणि डोंगरावर चिंचेखाली यंत्र म्हणायचं: “शाब्बास मिथुन. निळा रंग पाहायला मिळत नाही याची खंत आहे. रविवारी केळव्याला भरती दुपारी आहे. पुढील उतारा निवडा.”

रविवारी ती केळव्याला आली. मुंबईकर घोडागाडीत बसून किंचाळत होते. हे दोघं सुरूच्या सावलीत, मधे भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवून, पुडीच्या अलीकडे-पलीकडे.

“मला तू म्हण,” तो म्हणाला.

“आधी तू म्हण.”

“म्हटलं.”

“कधी?”

“मनात. डिसेंबरपासून.”

ती हसली. या वेळी गिळलं नाही. मग त्यानं सहज विचारलं, “सगळ्यांच्या आवाजात निरोप देतेस. नवसीच्या आवाजात कधीच नाही. ती तर सगळ्यात सुंदर वाचते. एकही चूक नाही. तिलाही एखादी दे ना.”

दीपिकानं हातातली शेंग फोडली नाही. समुद्राकडे बघत म्हणाली, “वारा सुटलाय. जाऊ या?”

दिग्विजयला वाटलं, लाजली. मराठीत एम. ए. झालेल्या माणसाला सगळ्या गप्प बसण्याचा एकच अर्थ ठाऊक असतो.

मार्चच्या सुरुवातीला मेहुल सरांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. “अरे दिग्विजय, आपल्याला स्टार भेटली! नवसी, चिंचखिंड. सलग आठ आठवडे शहाण्णव टक्के! जिल्ह्यात पहिली. बुधवारी स्टेजवर सत्कार. मुलगी, बाई आणि वडील, तिघांना घेऊन ये.”

दिग्विजयनं वाटेत पेढे घेतले. चढावर गाडी गरम झाली, तेव्हा शेवटचा टप्पा त्यानं पळत काढला. नवसी स्टेजवर वाचायला तयार झाली तर उत्तम, नाही तर दीपिका काहीतरी जमवेल. जमवण्यात तिचा हात कोण धरणार!

त्यानं बातमी सांगितली. दीपिका पायरीवर बसली. पेढ्याचा पुडा तिच्या मांडीवर तसाच राहिला.

“नवसी नाय,” ती म्हणाली.

“भट्टीवर आहे ना? आणू या की. गाडी करतो.”

“दिग्विजय… नवसी नाय. मेली. संक्रांतीच्या आधी. ताप आला. तीन दिवस भट्टीवरच झोपवली. चौथ्या दिवशी गाडी मिळाली, तोवर…”

खाली कुणाच्या तरी कोंबड्या माती उकरत होत्या. दिग्विजयला बसायचं होतं, पण पायरी एकच होती.

“त्या शुक्रवारी मी तिचा उतारा वाचून टाकला होता,” दीपिका सांगू लागली. “मला ठाऊक नव्हतं. सोमवारी सुका आला, तिचा बाप. शाळेत ठेवलेली तिची पाटी मागायला. पुढच्या शुक्रवारी पडद्यावर नाव आलं, ‘नवसी, आता तू वाच.’ नाव काढलं असतं तर एकोणीस झाले असते. मी वाचलं.” तिनं पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. “तू म्हणालास, प्रत्येकाला एक चूक दे. बाकीच्यांना दिली. तिला… मेलेल्या पोरीला कशी चुकवू? आठ वर्षांची होती रे.”

‘अस्सल मूल नव्वदच्या वर जात नाही’ हे वाक्य कुणाचं होतं, ते दिग्विजयला आठवलं. आठवायला नको होतं.

“मी काहीतरी करतो,” तो म्हणाला. “आजारी आहे सांगू. गावाला गेली सांगू. नाव हळूच खाली आणू, सत्तर, साठ…”

“आणि सुकाला काय सांगू? तुझी पोर मेल्यावर नापास झाली?” ती उठली. “बुधवारी मी येते. सुकाला सांगते सगळं.”

“शाळा जाईल, दीपिका.”

“जाईल.” हे ती इतकं हळू म्हणाली की अ‍ॅपनं तिला शून्य दिलं असतं.

बुधवारी तेच सभागृह, तेच पाहुणे. त्यांना या खेपेस वाचायला सांगितलं नव्हतं, म्हणून प्रसन्न दिसत होते. सुका पहिल्या रांगेत बसला होता. धुतलेला सदरा, गुडघ्यांवर हात. मेहुल सरांनी अंधार करायला सांगितला आणि पडद्यावर एक सूर्यफूल उघडलं. सभागृहभर आवाज पसरला: ‘माझ्या घरासमोर सुंदर बाग आहे. बागेत कारंजे आहे…’ कोवळा, सावकाश, निर्दोष.

टाळ्या. दिवे. “आणि आता आपली नवसी!”

दीपिका आणि सुका चढले. मेहुल सरांनी दोघांच्या मागं पाहिलं. “बेबी कुठे?”

दीपिकानं माइक घेतला. चार वाक्यांत सगळं सांगितलं. कोण मेलं, तिच्या नावानं कुणी वाचलं, का, आणि किती आठवडे. ‘का’ला सगळ्यात कमी वेळ लागला. सभागृहात पंख्यांचा आवाज येऊ लागला.

मग सुका माइककडे वाकला. माइक त्याच्यासाठी उंच होता.

“माजी नवसी अशी नव्हती वाचत,” तो म्हणाला. “अडकत अडकत वाचायची. एक ओळ, मग पानी प्यायची. मग परत तीच ओळ.” मग पडद्याकडे हात केला. “पन लावा, साहेब. पुना लावा.”

कुणी लावलं नाही. मेहुल सरांच्या हातातला रिमोट तसाच राहिला. दिग्विजय भिंतीपासून सुटून पुढे गेला, लॅपटॉपपाशी वाकला आणि त्यानं बटण दाबलं. सुका डोळे मिटून उतारा संपेपर्यंत उभा राहिला. फोटोग्राफरला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्यानं प्रमाणपत्रासकट फोटो काढला.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं आणि कागद फार वेगानं आले. चिंचखिंडीची शाळा समायोजित. दीपिकाची नेमणूक समाप्त. दिग्विजयच्या लॉगिनवरून बनावट आवाजांवर शेकड्यानं ‘खरा’ दाबलेलं निघालं, तोही समाप्त. मेहुल सरांचा अहवाल मात्र उत्तम गेला. आवाज प्रशिक्षित प्रौढ व्यक्तीचा होता आणि अ‍ॅपनं त्याला शहाण्णव दिले, म्हणजे अ‍ॅप अचूक आहे, हे सिद्ध झालं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी दिग्विजय पाड्यावर चढला. शाळेला कुलूप. आवाज सुकाच्या अंगणातून येत होता. अंगण ताजं सारवलेलं. सातही मुलं बसली होती, आणि भट्टीवरून लवकर परतलेली दोन. समोर दीपिका, हातात काडी, जमिनीवर अक्षरं.

“पगार कोण देणार?” त्यानं विचारलं.

“सुका भात देतो. तू कशाला आलास?”

वाटभर पाठ केलेलं भाषण त्यानं काढलं. “दीपिका, मला नोकरी नाही. आई म्हणते, एम. ए. केलंस तेव्हाच कळलं होतं. पण मी चार महिने कान लावून बसलो होतो. वीस आवाजांच्या प्रेमात पडलो, आणि वीसही तूच निघालीस.”

“तेरा,” ती म्हणाली. “सात पोरांनी सोता वाचलंय.”

“तेरा.”

“बारा. एक तिचा.”

सुका ओसरीवर दोर वळत होता. त्याचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.  इथवर आल्यावर थांबणं दिग्विजयला जमलं नाही.

“तर मग बारा आवाजांसकट आणि तिच्या आठवणीसकट… माझ्याशी लग्न करशील?”

दीपिकानं काडी खाली ठेवली. डोळे भरलेले होते आणि ती ते पुसत नव्हती. 

“उद्या येशील?”

“उद्या, परवा, रोज येईन. जन्मभर.”

“मग येताना खडूची एक पेटी आण,” ती म्हणाली. “पांढरे. रंगीत लवकर तुटतात.”