उणे तीनशे बारा

"हे उणे तीनशे बारावाले महाशय कोण?" पाठीमागून कुणीतरी पडद्यावरच्या तक्त्यात डोकावत विचारलं. भार्गवीने वळूनही न बघता सांगून टाकलं, "आहे एक आळशी. देवरुखचा देवदत्त."

"अस्सं... म्हणजे मीच तो."

भार्गवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. २००४ चा पावसाळा होता, आणि रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या त्या सायबर कॅफेत ती रोज येऊन बसायची. गावोगावच्या वाचनालयांसाठी फुकट, कुणालाही उघडून बदलता येईल असं सॉफ्टवेअर अकरा जण मिळून लिहीत होते. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले! त्यांना हाकायचं काम भार्गवीकडे. दर सोमवारी ती सगळ्यांना तक्ता पाठवायची. लिहिलेल्या ओळी अधिक, काढून टाकलेल्या उणे. सलग तीन महिने जो तळाला, त्याची सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याची परवानगी बंद. नियम तिचाच, आणि तिला त्याचा कोण अभिमान.

"मी नुसता केर काढतो हो," देवदत्त म्हणाला. "शंभर ओळींचं काम वीस ओळींत करतो. झाडणाऱ्याला तुमच्याकडे उणे मार्क?"

"मग थोडा केर करा ना..."

"करीन की. पण मग झाडायला तुम्ही यायचं — आहे कबूल?"

ती खुदकन हसली आणि तिथेच फसली.

तो मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. का, ते तिसऱ्या भेटीत कळलं. समोरच्या हॉस्पिटलात त्याच्या आईचं डायलिसिस असायचं. "चार तास ती तिथल्या मशीनवर, मी इथल्या," तो हसत म्हणाला, पण भार्गवीला त्याच्याकडे बघवेना. खिडकीतून पावसाचे शिंतोडे आले की तो आपली खुर्ची तिच्याकडे सरकवायचा. पाऊस थांबला तरी खुर्ची तिथेच राहायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

सप्टेंबर आला आणि देवदत्त तिसऱ्या महिन्यातही तळालाच. त्याने केर काढला म्हणूनच वाचनालयांच्या जुनाट मशीनवर ते सॉफ्टवेअर चालत होतं, हे भार्गवीला पक्कं ठाऊक होतं. मोजायची रीतच चुकीची होती. सगळ्यांना तसं कळवायचं, एका पत्राचं काम! पण नागपूरच्या हरिहरने आधीच सगळ्यांसमोर चिमटा काढला होता — "रत्नागिरीत बरंच जमतंय म्हणे!" आपल्या माणसासाठी नियम वाकवला, असं कुणी म्हणायला नको होतं तिला. शुक्रवारी सकाळी तिने त्याची परवानगी बंद केली. आला की समजावू. रुसेल, मग हसेल...

दुपारी तो आला तो चिंब भिजलेला. खुर्चीत बसला, लिहिलेलं पाठवायला गेला. मशीनने नाकारलं. पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदाही.

"देवदत्त, ते मी... म्हणजे नियमाने—"

"आई गेली," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "अर्धा तास झाला. तिला घरी न्यायला गाडी यायचीय अजून. कुठं बसावं कळेना... म्हटलं, राहिलेलं तेवढं पुरं करू." तो उठला. "असू दे. नियम तो नियम."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एसटीने देवरुखला गेली. तो अंगणात आईच्या गोधड्या उन्हात टाकत होता.

"परवानगी परत दिलीय," ती म्हणाली. "ओळी मोजणंच बंद केलं. चूक माझी, असं सगळ्यांना लिहिलं. तुझं काम मला कळत होतं रे... लोक बोलतील म्हणून मी घाबरले." तिने गोधडीचं दुसरं टोक धरलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आधी सांगायला हवं होतं."

तो गोधडीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिला.

"मला रत्नागिरीला येववत नाही गो. तो रस्ताच नको वाटतो."

"मग मी येत जाईन."

"इथं काय आहे? रिकामं घर नि मी."

"तू आहेस ना."

संध्याकाळी तो तिला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली, माणसं चढली, तरी त्याने तिचा हात सोडला नव्हता. "येताय की राहताय, ताई?" कंडक्टरने विचारलं, आणि आई गेल्यापासून कोरडा राहिलेला देवदत्त भर स्टँडवर रडायला लागला.

भार्गवीने ती गाडी जाऊ दिली.