प्लेट धरणारा हात

ही गोष्ट खरी आहे. मी छत्तीस वर्षं घोड्यांचा डॉक्टर होतो, आणि खोटं बोललो ते फक्त घोडी विकायला काढलेल्या मालकांसाठी. मला तुम्हाला घोडी विकायची नाही.

एप्रिल महिना. दुपारचे तीन. लिपा शहराबाहेर, कॉफीच्या झाडांमागचा एक जुना तबेला.

भुतांना ही वेळ सोयीची नसते म्हणतात. हे भूत कामाच्या वेळेत आलं.

सिप्रियानो त्या तबेल्यात घोडे सांभाळायचा. तो जाऊन एकतीस दिवस झाले होते. त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली घोडी, दालिसाय, सकाळपासून पुढचा पाय टेकत नव्हती. हाड मोडलं असेल, तर तिला कायमचं झोपवावं लागणार होतं. पोटात नऊ महिन्यांचं शिंगरू.

सिप्रियानोची मुलगी आदेल्फा फाटकातच उभी होती.

"या डॉक. गाडी अजून चालते?"

"ढकलली तर."

ती हसली नाही. "तिला मारायचं असेल तर आधी खात्री करा. एवढंच."

तबेल्यात एक्स-रे काढायचा नियम सोपा आहे. फोटो जिच्यावर उमटतो ती प्लेट हातात धरायची नाही. खूर लाकडी ठोकळ्यावर, प्लेट खाचेत उभी, बाकी सगळे लांब. घोडा धरणाऱ्याला शिशाचा एप्रन.

हा नियम मी बऱ्याच जणांना शिकवला.

पूर्वी माझ्याकडे ठोकळा नव्हता. एप्रन एकच होता, तो मी घालायचो. प्लेट अकरा वर्षं सिप्रियानोने धरली. उघड्या हाताने. त्याने धरली की कुठलाही घोडा पुतळ्यासारखा उभा राहायचा. "हात काढ रे," मी म्हणायचो. फोटो निघाल्यावर म्हणायचो.

शेवटी त्याच्या बोटांवर डाग आले, मग रक्त बिघडलं. याचा त्या एक्स-रेंशी संबंध आहे, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मी तर प्रयत्नही केला नाही.

असो.

आदेल्फाने एप्रन चढवला, म्होरकी धरली. दालिसाय नाचत होती. गाभण, म्हणून भूल जास्त देता येईना. तिने दोनदा प्लेट उडवली.

तिसऱ्यांदा...

ती थांबली.

कान पुढे. मान खाली. तिने श्वास सोडला, लांब... ओळखीचं माणूस जवळ आल्यावर सोडतात तसा.

झाडांत किरकिरणारे किडे गप्प झाले होते. कधीपासून, लक्षात नाही.

मी बटण दाबलं.

लॅपटॉपवर घोडीचं हाड आलं. स्वच्छ. आणि प्लेटच्या कडेला...

चार बोटांची हाडं.

मधल्या बोटाचं टोक नव्हतं. ते दालिसायच्या आईने चावून तोडलं होतं. टाके मीच घातले होते.

मी आदेल्फाचे हात बघितले. दोन्ही म्होरकीवर. दहा बोटं, पुरी.

ती वाकून पडद्याकडे बघत राहिली.

"ताताय," ती म्हणाली. बापाला ती ताताय म्हणायची.

पण एका फोटोवर निकाल देता येत नाही. बारीक चीर एखाद्याच बाजूने दिसते. चार बाजूंनी चार फोटो लागतात.

दुसरा काढला. हाड स्वच्छ. बोटं... फिकी.

तिसरा. एकाच बोटाची सावली. धुरासारखी.

यंत्र तेच. जोर तोच. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

"दर फोटोला ते संपतायत का, डॉक?"

"मेलेल्या माणसांबद्दल आमच्या पुस्तकात काही नाही."

"जिवंत माणसांबद्दल होतं?"

होतं.

तिने म्होरकी जराशी सैल केली. मग म्हणाली, "गेलेलं माणूस चाळीस दिवस घरातच असतं. अजून नऊ उरलेत. रोज सकाळी ही अशीच शांत उभी राहते, कुणी खरारा करत असल्यासारखी. मी लांबून बघते. जवळ जात नाही."

मी ठोकळ्यापाशी वाकलो. समोर कुणी नव्हतं. तरी म्हणालो,

"सिप्रियानो, हात काढ."

या वेळी फोटोच्या आधी.

त्याने ऐकलं असावं. कारण त्याच क्षणी घोडी उसळली आणि प्लेट मातीत पडली.

मी प्लेट पुसून परत उभी केली. दालिसायच्या पोटात शिंगराने लाथ मारलेली बाहेरून दिसली. आदेल्फालाही दिसली.

"धरा, ताताय," ती हळूच म्हणाली.

घोडी स्थिर झाली.

"दाबा, डॉक."

मी दाबलं.

चौथ्या फोटोत हाड होतं. अखंड. कुठेही चीर नाही. खुरात पू झाला होता, आठवड्याभरात बरा होणारा.

प्लेटच्या कडेला काहीच नव्हतं.

किडे पुन्हा ओरडायला लागले.

चाळिसाव्या दिवशी मी प्रार्थनेला गेलो. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी ताट मांडतात. आदेल्फाने मांडलं नाही. तिची आत्या चिडली.

"बापाला उपाशी पाठवतेस?"

"ते आधीच गेले, आत्या. कामावर असताना."

आत्याला काही कळलं नाही. आदेल्फाने माझ्याकडे बघितलंही नाही. मी कॉफी घेतली. कपाकडे बघत बसलो.

जूनमध्ये शिंगरू झालं. धडधाकट आहे.

दालिसाय सकाळी आता कशी उभी राहते, हे मी आदेल्फाला विचारलेलं नाही. सहा वर्षं झाली.

तीही सांगत नाही.