सायलोवर चालणारा माणूस

थिया आणि मारिन पहिल्यांदा भेटले तेव्हा तो तिच्या केबलवर उभा होता.

“अहो, पाय उचला. नाजूक असते ती.”

“उचलतो. पण आधी तुम्ही उचला. माझ्या दोरावर उभ्या आहात.”

तिने खाली पाहिलं. खरंच उभी होती! पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर भुरभुर पाऊस पडत होता आणि दोन शहाणी माणसं एकमेकांच्या सामानावर उभी राहून हसत होती. या माणसाच्या पापण्यांवर पावसाचे थेंब थांबतात, हे थियाच्या लक्षात आलं. नोंद घ्यावी अशी गोष्ट नव्हती. तिने घेतली.

थिया फिट्झनर अ‍ॅडलेडहून आली होती, हिवाळी उत्सवासाठी धक्क्यावरच्या धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारावर, सहाशे दिवे लावायला. आडवे वीस, उभे तीस. संगणकावर चलचित्र लावायचं, त्यावर दिव्यांचा नकाशा पसरायचा. मग प्रत्येक दिवा आपल्या वाट्याच्या ठिपक्याचा रंग उचलतो. ठिपक्यांची रांगोळीच, फक्त हलणारी. उंचीला न भिणारा मदतनीस तिला हवा होता. मारिन वुलेटिच ट्यूना मासे धरणाऱ्या बोटीवरचा खलाशी, बोट दुरुस्तीला लागल्यामुळे मोकळाच होता.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने दिवे बांधलेल्या तिच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडल्या आणि चाळीस दिवे लोंबकळू लागले. मारिनने जाळ्याची दोरी आणून सगळे पुन्हा बांधले, कोळ्यांच्या गाठींनी. त्यानंतर दक्षिणेचा वारा दोनदा येऊन गेला, पण एक दिवा हलला नाही. बारा वर्षांत थियाने असं काम पाहिलं नव्हतं. असे हातही.

तिने सायलोवर लाट सोडली तेव्हा तो किती तरी वेळ मान वर करून उभा राहिला.

“म्हणजे त्या दिव्याला माहीतच नाही की आपण लाट आहोत?”

“नाही. त्याला एवढंच कळतं – आता निळं, आता काळं.”

“माझ्यासारखाच आहे. मलाही सगळं शेवटीच कळतं… पण तू हे डोक्यात कसं ठेवतेस गं? सहाशे!”

कौतुक करताना त्याने अहो-जाहो सोडलं होतं. तिने ते परत मागितलं नाही.

रविवारी ती परत जाणार होती. सोमवारी तो बोटीवर, तीन आठवडे. दोघांनी हे एकमेकांना हवामान सांगावं तसं सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी दिवेलागणीला चाचणी होती. चाचणीला ठळक हालचाल लागते. थियाच्या फोनमध्ये एक चित्रित केलेली होती – धक्क्यावरून चालत येणारा मारिन. ओळखणार कोण? सहाशे ठिपक्यांत चेहऱ्याची पेज होते. तिचा हिशेब अगदी बरोबर होता. माणूस चेहऱ्याशिवायही चालीवरून ओळखू येतो, एवढंच तिने हिशेबात धरलं नव्हतं.

ती सायलोच्या पायथ्याशी बसली होती; तिथून नुसती उघडझाप दिसे. दोनशे पावलांवर, किनाऱ्यावर जमलेल्या गावाला मात्र दहा मजली माणूस चालताना दिसला. पाय फाकवून, झुलत, जमीन कधीही कलंडेल अशा बेताने.

“अगंबाई, हा तर माझा योसिप!” एक बाई ओरडली.

“योसिप कसला? निकोला आहे आमचा!”

“तुम्हा दोघींचे एवढे ताठ असते तर काय हवं होतं! हे आमचे हे आहेत.”

अर्धं गाव बोटींवर वाढलेलं. तिघींचंही बरोबर होतं.

मारिन किनाऱ्यावरून बटाट्याच्या गरम चिप्सचा पुडा घेऊन आला.

“छान दिसतोय. लुका ना?”

“कोण लुका?”

“माझा चुलतभाऊ. रुबाबात चालतो खरा… आवडतो सगळ्यांना.” हे तो चिप्सना सांगत होता.

सुटायला वाट होती. नुसतं ‘असेल कुणीतरी’ म्हणायचं, रविवारी विमानात बसायचं. गुपिताला तीन मालकिणी आधीच मिळाल्या होत्या.

“मारिन,” ती म्हणाली, “तू स्वतःला चालताना कधी पाहिलंयस?”

“कसा पाहणार? मी चालत असतो ना.”

“मी पाहिलंय. अकरा दिवस… तेच तर पाहतेय. दिवे लावायचे राहिले तरी—”

“दिवे मी लावले.”

“म्हणून तर वेळ मिळाला.”

त्याने वर पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

“मी… असा चालतो? प्यायल्यासारखा?”

“समुद्र बरोबर घेऊन निघाल्यासारखा.”

चिप्स निवत गेल्या. त्याचे कान लाल झाले होते. तो रंग कुठल्याही दिव्यातून आलेला नव्हता.

“बोट तीन आठवड्यांनी परत येते,” तो हळूच म्हणाला.

“विमान रोज असतं.”

“एक अडचण आहे, थिया. तो वर एकटाच फिरतोय. गावाने तीन बायका गळ्यात बांधल्या त्याच्या. माणसाची बदनामी होते.”

“मग काय करायचं म्हणतोस?”

“तू चल ना बरोबर…”

त्यांनी फोन मासळीच्या क्रेटला टेकवला आणि दोघं धक्क्यावर चालत गेली. सुरुवातीला हातभर अंतर ठेवून.

शनिवारी उत्सवात आधी मासे पोहले, लाटा उठल्या, टाळ्या पडल्या. शेवटी सायलोवर दोन माणसं आली. एक झुलत, एक सरळ, मध्ये काळ्या दिव्यांची उभी पट्टी. चेहरे नव्हते, बोटं तर नव्हतीच. आणि मग, खालून अकराव्या ओळीत, हातांच्या उंचीवर, त्या काळ्या पट्टीतला एक दिवा लागला.