हिरव्या खडकावरचं लाल पाणी

"मुळापासून उपटायचं नाही. वरचं वरचं कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतं," असं बजावून आत्याने तिघांच्या हाती कात्र्या दिल्या.

टिचकी, तिचा दादा आणि धाकटा भोपळ्या सुट्टीत आत्याकडे आले होते. आत्याची मुलगी, म्हणजे त्यांची ताई, नुकतीच बाळंत झाली होती. तिच्यासाठी आत्या समुद्रातल्या हिरव्या शेवाळाचं सूप करणार होती. आत्याच्या बाळंतपणात तिच्या सासूनेही तिला तेच पाजलं होतं. तांबडं शेवाळ दुधात उकळून, त्यात खायच्या लाल रंगाचे दोन थेंब टाकून आत्या थरथरती गोड वडीही करायची. भोपळ्याचा सगळा जीव त्या वडीत होता.

ओहोटीने खडक उघडे पडले होते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या खालच्या खडकावर तर हिरवं शेवाळ नुसतं माजलं होतं. आत्याची टोपली बघता बघता भरली. टिचकीचा हात मात्र थांबला. बाकीच्या खडकांवर गोगलगाई शेवाळ कुरतडत होत्या. इथे औषधालाही एक नव्हती. शेजारचं तांबडं शेवाळ पांढरंफटक पडलं होतं.

"एवढं ताट वाढलेलं असताना जेवायला कोणीच कसं नाही?" ती म्हणाली.

"त्याही सुट्टीला गेल्या असतील," भोपळ्या म्हणाला.

टिचकीने वर पाहिलं. वर हॉटेलचं स्वयंपाकघर होतं. पण आत्याने मागेच मॅनेजरला विचारलं होतं. आमचं सांडपाणी बंद टाकीत जातं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं आणि आत्याने ते मानलं होतं. तरी ते पाणी इथेच येत असावं, ही शंका टिचकीच्या मनातून जाईना. पातेलं आज चुलीवर चढवू नकोस, म्हणून ती हटूनच बसली. ताईच्या तोंडी जाणारी गोष्ट! आत्या कुरकुरली, पण दुपारपर्यंत थांबायला तयार झाली.

टिचकीने घरून वडीच्या लाल रंगाची बाटली आणली. दादाला तिने खडकापाशी बसवलं आणि भोपळ्याला चिखलात मनसोक्त लोळू दिलं. तशाच अवतारात तो टिचकीबरोबर हॉटेलच्या दारात उभा राहिला आणि हात धुवायला पाणी मागू लागला. मॅनेजर धुतलेल्या फरशीकडे आणि त्याच्या पायांकडे आळीपाळीने बघत ओरडला, "आत नको! मागे मोरी आहे, तिकडे जा."

त्यांना तेच हवं होतं. भोपळ्या नळाखाली सावकाश एकेक बोट धूत राहिला. टिचकीने बाटली मोरीत रिकामी केली आणि नळ पूर्ण सोडला. मग ती धावत कठड्यापाशी आली. खाली काहीच दिसेना. आपण उगाच आकांडतांडव केलं की काय, असं वाटून तिचे कान तापले. तेवढ्यात दादाने टॉवेल हलवला. हिरव्या शेवाळाखालून लाल धार वाहत होती.

आत्या मॅनेजरला खडकावर घेऊन आली. दादाने शेवाळ बाजूला सारलं, तर फटीत पाइपाचं तोंड होतं. मॅनेजरने आधी आकाशाकडे पाहिलं, मग बुटांकडे. टाकी तुंबली होती. ती उपसायची सोडून त्याने पाणी तात्पुरतं इकडे वळवलं होतं आणि मग तो ते विसरून गेला होता. आत्याने भरलेली टोपली त्याच्या हातात दिली आणि हे आता तुम्हीच कुठे पुरायचं ते बघा, म्हणून सांगितलं.

पाइप त्याच दिवशी बंद झाला. मंडळी लांबच्या खडकांवर गेली. तिथे गोगलगाई गर्दीने चरत होत्या. संध्याकाळी ताईने सुपाचा वाडगा रिकामा केला आणि बाळाला टिचकीच्या मांडीवर ठेवलं.

"तुझी मावशी भारी डोळस आहे हं," ती बाळाला म्हणाली.

आत्या कात्री पुसत होती. "उद्यापासून कुठलं कापायचं ते टिचकी सांगेल," ती म्हणाली. "मी टोपली धरेन."