पदरातला गूळ

कन्हान नदीच्या काठावर उर्मिला घरच्या बैलाला, पवन्याला, पाणी पाजत होती, तोच मागून कुणीतरी पदर ओढला. दचकून वळते तो काय — एक पांढराशुभ्र बैल तिच्या पदरातला गूळ चाटूनपुसून मोकळा झालेला!

"तुमचा बैल चोर हाय," ती फणकारली.

"बैल चोर नाई जी... गूळच गोड असन," कासरा धरून उभा असलेला उंच पोरगा हसला.

तो नदीपल्याडचा विनायक, आणि चोराचं नाव हिऱ्या. दुसऱ्या दिवशी उर्मिलेने गूळ जरा जास्तच घेतला. का, ते विचारू नका. मग ते रोजचंच झालं. ती "ये रे, येऽऽ..." अशी लांबवून हाक मारी, आणि इकडून पवन्या, तिकडून हिऱ्या धावत येई. हिऱ्यामागे विनायक. कुठूनतरी संत्र्याच्या बहराचा वास येई, पाणी संथ वाहत राही... आणि उर्मिलेला घरी जायची आठवणच राहत नसे.

सत्तावन्न साल लागलं. नागपूर मुंबई राज्यात गेलेलं, इकडचं सौसर मध्य प्रदेशात राहिलेलं, वर निवडणूक तोंडावर आलेली. पण उर्मिलेच्या गावी, रामाकोन्याच्या पारावर वाद एकच — वसंत पंचमीच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, यंदा कोण? निम्मं गाव उर्मिलेच्या वडिलांची, भगवंतरावांची जोडी सांगे, निम्मं विनायकची. आणि भगवंतराव मिशीला पीळ देत म्हणत, "मले जो हरवन, त्याच्या घरचं पाणी नाई पिणार मी!"

पाणीच पिणार नाहीत, तर सोयरीक कुठली?

"मी कासरा खेचतो जरासा," पटाच्या आदल्या दिवशी विनायक पुटपुटला. "हरतो."

"हरून आला तं मी दार नाई उघडणार."

"आन जिंकून आलो तं तुये बाबा नाई उघडणार... सांग, काय करू?"

उर्मिलेने हिऱ्याच्या मानेवर डोकं टेकलं आणि डोळे पुसले.

पटाच्या दिवशी भगवंतराव छकड्यावर चढता चढता म्हणाले, "पोरी, शेवटाले उभी राहजो. तुयी हाक ऐकली का पवन्या वारा होते."

झेंडी पडली. धुळीतून दोन छकडे सुटले... आणि अर्ध्यावर विनायक हातभर पुढे! उर्मिला गप्प राहिली तर बाबा हरणार, हाक मारली तर विनायक. पण चारचौघांत बाबांची मान खाली गेलेली तिला बघवली नसती. तिने डोळे मिटले.

"ये रे, येऽऽ..."

पवन्या उसळला. आणि हिऱ्या? तोही खाल्ल्या गुळाला जागला की!

"बरोबरी!" पंच नत्थूजी ओरडले.

टोप्या उडाल्या. पण तेवढ्यात हिऱ्या छकड्यासकट वळला आणि साऱ्या पटासमोर त्याने उर्मिलेच्या पदरात तोंड खुपसलं. भगवंतराव खाली उतरले.

"ह्या बैलाले तुया पदर कसा ठाऊक?"

"रोज येते नं, बाबा... नदीवर."

"एकटाच येते?"

उर्मिलेची मान खाली गेली. विनायक बोटाला कासरा गुंडाळत राहिला.

भगवंतरावांनी एकदा पवन्याकडे पाहिलं, एकदा हिऱ्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"हरवणाऱ्याच्या घरचं पाणी नाई, असं म्हणलं होतं म्या. ह्यानं कुठं हरवलं?... उद्या येतो पोरा, गूळ-पाणी काढून ठेव. आन गूळ चांगला असू दे. आमचा तं साराच तुया बैलानं खाल्ला!"

ते वळले. उर्मिला विनायकच्या जवळून गेली.

"साराच नाई..." ती हळूच म्हणाली, आणि पदराच्या गाठीतला शेवटचा खडा तिने त्याच्या तळहातावर ठेवला.