नवमीला चढवलेले बर्फाचे टायर

खाली पोळी-भाजी केंद्र आणि वर गुप्तहेर. त्यामुळे डोंबिवलीतल्या संचिता ठोसर यांच्या कचेरीत गिऱ्हाइकाला रहस्याआधी फोडणीचा ठसका लागायचा. प्रियांका शेजवळ खोकतच आत आली. सुदेश भोईरने तिला पाणी दिलं. ते न पिता ती म्हणाली, "मॅडम, माझा नवरा आत आहे. त्याने काही केलेलं नाहीये."

सुदेश मनात म्हणाला, सगळ्याच बायका असं म्हणतात. ट्रॅफिक हवालदार म्हणून त्याने उभी हयात उन्हात काढली होती. गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडली आणि संचिताबाईंच्या हाताखाली आला. बाई पूर्वी विमा कंपनीत अपघाती गाड्यांची तपासणी करायच्या. बाईंचं डोकं चालायचं आणि सुदेशची स्कूटर, अशी वाटणी होती.

"तो खासनीसांच्या गाडीचा अपघात," प्रियांका म्हणाली. "दसऱ्याला सकाळी, गायमुखच्या उतारावर."

प्रकरण पेपरात गाजलं होतं. ठाण्याचा बडा उद्योजक सुश्रुत खासनीस, त्याची पिवळीजर्द स्पोर्ट्स कार. धाकटा भाऊ संदेश ती घेऊन निघाला आणि पुढचं डावं चाक निखळलं. गाडी दुभाजकावर आपटली. पोरगा जागीच गेला. चाकं बसवणारा म्हणून वर्तकनगरच्या टायर दुकानातला सुमित शेजवळ त्याच दिवशी आत गेला.

"चाकं त्यानेच बसवलेली ना?" सुदेशने विचारलं.

"नाही हो! खासनीससाहेबांना जानेवारीत मित्रांबरोबर मनालीला जायचंय, बर्फात गाडी चालवायला. त्यासाठी बर्फाचे टायर हवे होते. कुठले घ्यायचे ते सुमितनेच शोधलं. किती दिवस मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला! म्हणायचा, रुंद टायर बर्फावर तरंगतो, थोडा अरुंद पाहिजे. बाजूवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाची खूण पाहिजे, नाहीतर तो खरा बर्फाचा नाही. आणि गाडीच्या वेगाला झेपला पाहिजे. मी म्हटलं, अरे, तू बर्फ बघितलास तो गोळेवाल्याकडचा, एवढं कशाला? तर म्हणे, माणसाचा जीव असतो त्याच्यावर." ओढणीने डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "अष्टमीला त्याने ते टायर वेगळ्या रिमांवर बसवले. टेम्पोने साहेबांच्या बिल्डिंगमध्ये पाठवले. साहेबांना बजावलं, की हे इथे चढवायचे नाहीत, आपल्या उन्हात हे रबर लोण्यासारखं मऊ पडतं. मनालीला पोचल्यावर चढवा."

"नवमीला सुमित कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"कळव्यात. दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्राचा दिवस, म्हणून विहाराला रंग देत होता. दहा लोकांनी बघितलंय. पण पोलीस म्हणतात, ते सगळे तुमच्यातलेच."

बाईंचा चेहरा कडवट झाला. त्यांनी पर्स उचलली. "भोईर, स्कूटर काढा."

गाडीचा सांगाडा पोलीस ठाण्याच्या आवारात पडला होता. उपनिरीक्षक प्रशांत साळवी सुदेशच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे नाही म्हणाला नाही. बॉनेट चुरगळलेलं, पण त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक अर्धं शाबूत होतं. बाई वाकून चाकं बघत बसल्या. टायरांवर धुळीशिवाय काही नव्हतं.

"भोईर, टायरवर हा बाण आहे ना? गाडी पुढे जाताना चाकाने बाणाच्या दिशेने फिरायला हवं."

सुदेशने हवेत बोट फिरवून बघितलं. "अहो, हा तर उलटा आहे!"

"तिन्हींवर उलटा. आणि निखळलेल्या चौथ्यावरही." बाईंनी मागच्या उजव्या चाकाच्या आत मोबाईलचा उजेड टाकला. रिमच्या आतल्या अंगाला खडूने लिहिलं होतं, 'डावं मागचं.'

"म्हणजे सुमितने डावं-उजवं उलटं लावलं. मग निष्काळजीपणा झालाच की," साळवी म्हणाला.

"डावं आहे असं स्वतः लिहायचं आणि उजवीकडे लावायचं? तुम्ही डब्यावर मीठ लिहून आत साखर भरता का हो?" बाई म्हणाल्या.

वर्तकनगरच्या दुकानाला दसऱ्याच्या दुपारपासून पोलिसांचं सील होतं. मालक त्र्यंबकशेठ बाहेर खुर्ची टाकून बसले होते. कपाळाला गंध, हातात जपमाळ.

"सील कधी काढताय, साळवीसाहेब? धंदा बसला हो माझा!"

"नवमीला काय झालं ते सांगा," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? नवमीला आमच्याकडे काम नसतंच. सकाळीच सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. ती दसऱ्याच्या रात्रीपर्यंत उठत नाहीत. वडिलांपासूनचा रिवाज. बाकीच्या पोरांना सुट्टी. मी जेवायला घरी गेलेलो. येऊन बघतो तर सुश्रुतसाहेबांची गाडी आत, आणि हा चाकं चढवतोय! मी बोललो, अरे, आज नवमी! पण त्याला नवमीचं काय? तो त्यांच्यातला. आपण काय बोलणार?"

सुदेशने मान हलवली. त्यालाही ते पटलंच होतं. ज्याला देव नाही त्याला नवमी कशी असेल, असा त्याचा सरळ हिशेब.

"पूजा कोण मांडतं?" बाईंनी विचारलं.

त्र्यंबकशेठ जरा घुटमळले. "पूजा मीच करतो. हत्यारं आदल्या दिवशी धुऊन पुसून देतो तो सुमित. तेवढं काम चोख करतो."

साळवीने सील काढलं. आत पाटावर लाल कापड, सुकलेला झेंडू, विझलेलं निरांजन. जॅक, पाने, नट आवळायची हवेची बंदूक आणि नट शेवटी नेमक्या जोराने घट्ट करायचा लांब दांड्याचा टॉर्क पाना, सगळी एकमेकांना चिकटून मांडलेली. सगळ्यांभोवती एकच लाल दोरा गुंडाळून वर गाठ मारलेली. गाठीवर कुंकवात भिजलेल्या अक्षता सुकून घट्ट बसल्या होत्या. बाईंनी हात लावला नाही. साळवीला फोटो काढायला सांगितला.

"शेठ, दुकानात दुसरा जॅक? दुसरी बंदूक?"

"छे, आमचं दुकान केवढंसं! आहे ते हे." आणि शेठ लगेच जपमाळ ओढायला लागले.

खासनीसांच्या टॉवरच्या तळघरात दोघं आधी पार्किंग बघायला उतरली. खांबाजवळ गाडीची जुनी चाकं एकावर एक रचून ठेवलेली होती. सुदेशचे गुडघे बोलत होते. तो 'आई गं' म्हणत त्या चळतीवर टेकला. उठला तेव्हा बाई हसल्या, दिवसभरात पहिल्यांदाच.

"भोईर, पँट मागून लाल झाली."

"च्यायला! परवाच धुऊन आणली होती हो." तो तळहाताने झटकायला लागला, तर तळवाही लाल-पिवळा झाला. बाईंनी त्या चळतीकडे एकदा नीट बघितलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वर सुश्रुत खासनीस सोफ्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे सुदेशला बघताक्षणी कळलं.

"मी नवमीला दुपारी गाडी नेली," तो म्हणाला. "नवी चाकं डिकीत मावेनात म्हणून मागून टेम्पोने दुकानात नेली, जुनी तशीच परत आणली. सुमित म्हणाला, घाला आत्ताच, चालवून बघा. मी त्याच्यावर भरवसा ठेवला. सकाळी संदेश म्हणाला, दादा, एक चक्कर मारून येतो."

"मग गाडी दुपारनंतर कुठे होती?"

"इथेच, खाली. कोणी हात लावला नाही."

आतून त्याची आई, कलावतीबाई, भिंतीला धरून बाहेर आल्या. "कोणाची दृष्ट लागली हो माझ्या लेकराला! आमच्याकडे गाडीची पूजा खंडेनवमीलाच असते. दिवेलागणीला मी स्वतः खाली गेले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चारी चाकांना हळदकुंकू लावलं. एवढं करूनही देवाने..."

"आई, तू आत जा बघू," सुश्रुत म्हणाला.

"नको. त्यांना बसू द्या," संचिताबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी साळवीला फोन लावला. "त्र्यंबकशेठना घेऊन इकडे या."

शेठ आले, खुर्चीच्या टोकावर बसले. साळवी दारात उभा राहिला. बाई उभ्यानेच बोलू लागल्या.

"शेठ म्हणतात, सुमितने नवमीला हत्यारं उचलली. दुकानात जॅक एक, पाना एक. दोन्ही पूजेत होते आणि दोन्हींभोवती एकच दोरा होता. तो सोडल्याशिवाय पाना निघत नाही. दोरा सुटलेला नाही, गाठीवरच्या अक्षता जागच्या हललेल्या नाहीत. दसऱ्याला दुपारी पोलिसांनी सील ठोकलं, म्हणून ही गोष्ट खरी वाटावी यासाठी पूजा उधळायला कोणाला सवडच मिळाली नाही. त्या दुकानात नवमीला एक नटसुद्धा फिरलेला नाही."

त्र्यंबकशेठची जपमाळ थांबली.

"आता चाकांचं. सुमितने प्रत्येक चाकावर डावं-उजवं लिहून दिलं होतं. या धंद्यातले लोक डावं-उजवं मोजतात ते चालकाच्या सीटवर बसून. पण हौशी माणूस गाडीच्या तोंडासमोर उभा राहतो आणि आपल्या डाव्या हाताला गाडीचं डावं समजतो. म्हणून चारही चाकं उलट बाजूंना गेली, चारही बाण मागे. टायरवाल्याच्या हातून ही चूक होत नाही."

"पण मग चढवली कधी?" सुदेशने न राहवून विचारलं.

"तुमच्या पँटला विचारा, भोईर." बाई हसल्या मात्र नाहीत. "कलावतीबाईंनी नवमीच्या संध्याकाळी चारी चाकांना हळदकुंकू लावलं. अपघातातल्या टायरांवर त्याचा मागमूस नाही."

"रस्त्यात पुसलं गेलं असेल," सुश्रुत घाईने म्हणाला.

"गेलं असतं. पण ते खाली आहे, जुन्या चाकांवर. म्हणजे दिवेलागणीला गाडीवर जुनीच चाकं होती. दुपारी दुकानात चढवली ही तुमची गोष्ट तिथेच संपली. नवी चाकं पूजेनंतर चढली, या इमारतीच्या तळघरात. सकाळी कोणाला टायर दाखवायचे होते, सुश्रुत?"

सुश्रुत तोंड झाकून रडायला लागला.

"आमच्या गाड्यांच्या क्लबची मंडळी जमणार होती सकाळी. बर्फाचे टायर आमच्यात अजून कोणाकडेच नव्हते. सुमितला फोन केला तर म्हणाला, आज हत्यारं पूजेत आहेत, आणि इथे चढवूच नका. मी म्हटलं, गेला उडत, गाडीतल्या जॅकने आपणच करू. शेवटच्या चाकाचे नट बोटांनी लावले, आवळणार तेवढ्यात मित्रांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना टायर दाखवत बसलो. नंतर वाटलं, आवळले असतील. सकाळी मला जागही आली नव्हती. संदेशने किल्ली घेतली."

"आणि अपघातानंतर शेठना फोन केला."

"त्यांनीच सांगितलं, सुमितचं नाव घ्या. म्हणाले, त्याने नवमी पाळली असं कोणालाच वाटणार नाही."

सगळ्यांनी त्र्यंबकशेठकडे बघितलं. "मोठं गिऱ्हाईक हो," ते पुटपुटले. "आणि नुसता निष्काळजीपणाचा गुन्हा. सुटला असता कधीतरी."

कलावतीबाई उठल्या आणि संचिताबाईंसमोर त्यांनी पदर पसरला. "माझा एक गेला. हा तरी राहू द्या. त्या मुलाला आम्ही जन्मभर पोसू. अशा लोकांना पोलीस-बिलीस काही नवं नसतं हो, त्यांचं निभावून जातं."

सुदेशच्या अंगाची लाही झाली. दुकानात मान हलवली तेव्हा आपणही त्याच माळेचे मणी होतो, हे त्याला आठवलं आणि त्याची मान खाली गेली.

"त्यालाही आई आहे, कलावतीबाई," संचिताबाई म्हणाल्या. "साळवी, जबाब घ्या."

सुमित सुटला तेव्हा ऊन कडक होतं. बारीक अंगाचा, शर्ट मळलेला. प्रियांका धावत गेली आणि सगळ्यांदेखत त्याला बिलगली. चहाच्या टपरीवर बसून संचिताबाईंनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोटी साक्ष दिल्याबद्दल शेठवरही गुन्हा लागेल, हेही सांगितलं.

"तुझं नाव धुतलं गेलं रे," सुदेश उत्साहाने म्हणाला. "पेपरात येईल उद्या!"

सुमितने ग्लास खाली ठेवला. "साहेब, मी त्या दुकानात मिसरूड फुटायच्या आधी लागलो. शेठनी मला काम शिकवलं, माझ्या लग्नात जेवायला आले. आत मला वाटायचं, शेठना खबर लागली नसेल. लागली की येतील धावत. रोज दार वाजलं की उठून बसायचो." त्याने ग्लास बाजूला सरकवला. "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पण ते का आले नाहीत, तेवढं मला सांगायला नको होतं."

संचिताबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. प्रियांकाने रिक्षाला हात केला आणि ती दोघं कळव्याच्या दिशेने निघून गेली.