बिटाच्या चकत्या गार होईपर्यंत

दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

दारातल्या माणसाने आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि बॅग खाली टाकून तो पुढे आला. “कुठे लागलंय? कापड आहे का एखादं? दाबून धरा आधी!”

“बीट आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“बीट. किसणीवर चकत्या करत होते.”

तो जागच्या जागी थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, जवळपास माझ्या हातांइतक्या. “मी कानाचं मशीन बसवायला आलोय,” तो म्हणाला. “स्वतःचे डोळे तपासून घ्यायला हवेत बहुतेक.”

ती बाबांची शेवटची दुपार होती. तसं कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती अगदी रोजच्यासारखी, रेंगाळत चालली होती. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून मी घरीच ओव्हनमध्ये भाज्यांचे चिप्स करू लागले होते, आणि ट्रे आत गेला की बाबा समोर खुर्ची टाकून नाटकाला बसावं तसे बसत.

“कोण आहे गं?” ते आतून ओरडले.

“कानवाले आलेत!” मी ओरडले.

पाहुण्याने भुवई वर केली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या घरात सगळंच ओरडून व्हायचं. जेवायला चला, गोळी घेतली का, दार लावून घ्या… ओरडण्यासारखं इतकंच असतं. बाकीचं हळू बोलायचं असतं, आणि हळू बोललेलं बाबांपर्यंत पोचत नसे. मग ते राहून जाई.

बाबा स्वयंपाकघरातून हलेनात, म्हणून कानवाल्यांनी तिथेच, बिटाच्या सालांशेजारी, आपला पसारा मांडला. मशीन कानात बसवलं, आणि बाबांनी ओठांवरून ओळखू नये म्हणून तोंडासमोर एक कागद धरला.

“मी काय म्हणतोय ते सांगा हं,” तो कागदाआडून अगदी हळू म्हणाला. “तुमच्या मुलीने आज मला घाबरवलं.”

“ती सगळ्यांनाच घाबरवते,” बाबा म्हणाले.

कागद खाली आला. मागचा चेहरा हसत होता… आणि माझ्याकडे बघत होता. मी ट्रे काढायला वळले.

त्याला एक चकती उचलायचा मोह आवरला नाही. बोटं फुंकत ती तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा पडला. “मऊच आहे की. परत आत घालायला हवेत.”

“गार होईपर्यंत थांबा. गरम असताना मऊच लागतात. परत आत घातले की करपतात.”

“किती थांबायचं?”

“घाई आहे का?”

“मघाशी होती,” तो म्हणाला.

चिप्स गार झाले. बाबांनी एक तोंडात टाकला, चावला आणि दचकले. “हा एवढा आवाज माझ्या तोंडातून येतोय?” मग त्यांना खेळच सुचला. स्वतः डोळे मिटून बसले, आम्ही दोघांनी आळीपाळीने चिप्स चावायचे आणि त्यांनी आवाजावरून भाजी ओळखायची.

“गाजर!”

“बीट, बाबा.”

“मग हे गाजर!”

“हे रताळं,” कानवाले म्हणाले.

“मशीन बिघडलंय,” बाबांनी निकाल दिला.

तो गेल्यावर घर शांत झालं. “फ्रिज एवढा बडबडतो होय गं?” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तू आता ओरडत जाऊ नकोस. ऐकू येतंय मला.”

अख्खी संध्याकाळ आमच्यासमोर होती. मी बीट स्वस्त झाल्याचं सांगितलं. ते मान डोलावत ऐकत राहिले.

सकाळी बाबा उठले नाहीत.

आत्या येऊन राहिली. ती बाबांची धाकटी बहीण. तिचा आवाज दुःखातही खाली येत नाही, आणि त्या दिवसांत मला त्याचाच आधार वाटला. कानवाले पुन्हा आले ते मशीन नीट जमलं का ते बघायला. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. दारातच त्याने हसून विचारलं, “काय म्हणतायत बाबा? नव्या आवाजांशी जमलं का?”

मी सांगितलं.

तो बसला. फार बोलला नाही, धीर धरा वगैरे तर मुळीच नाही. मी मशीनची डबी त्याच्यासमोर ठेवली. “कुणाला उपयोगी पडेल का?”

“आमच्याकडे एक आजी येतात, त्यांना चालेल.” डबी त्याने दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला, “सगळ्यालाच गाजर म्हणाले होते ते.”

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसताच डोळे भरून आले. माझं रडून होईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं.

पुढच्या रविवारी तो डबा घेऊन आला. आत एक लालभडक, ओलसर गोळा होता.

“हा लगदा कसला?” आत्याने डोकावून विचारलं.

“चिप्स आहेत,” तो म्हणाला.

“कुणाच्या जिवावर उठलायत?”

मी डबा जवळ ओढला. “एकावर एक टाकल्या होत्या ना चकत्या?”

“ट्रे लहान होता. म्हटलं, सगळ्यांचं एकदम उरकेल.”

“वाफेला बाहेर पडायला जागा नको? आणि आधी पुसून घेतल्या होत्या?”

“पुसायच्या असतात?”

मी कपाळाला हात लावला. तो गंभीरपणे म्हणाला, “शिकवणी लावावी लागणार. विद्यार्थी मठ्ठ आहे, आधीच सांगतो.”

मग रविवार त्याचे झाले. तो भाज्या आणायचा, मी किसणीवर चकत्या पाडायची. तो त्या कापडावर पसरून टिपायचा, एकेक करून, कान तपासतो तितक्याच हलक्या हाताने. किंचित तेल लावायचं, चकत्यांमध्ये अंतर ठेवायचं, आच मंद ठेवायची. मध्येच एकदा उलटायच्या. ओव्हनच्या काचेत आमचे दोन चेहरे शेजारी शेजारी दिसायचे. मी आत बघते आहे असं दाखवून काचेतच बघायची. तोही तेच करतो, हे मला एकदा दिसलं… आणि त्यालाही.

खरी मजा ट्रे बाहेर आल्यावर असायची. चिप्स गार व्हायची वाट बघत आम्ही बोलत बसायचो. बाबांबद्दल बोलायचो, लहानपणीच्या शाळांबद्दल बोलायचो, मी ज्यांची मुद्रितं तपासते त्या लेखकांच्या स्वल्पविरामांबद्दलही. बाहेरच्या खोलीतून आत्या ओरडायची, “झाले का गं गार? की बर्फात ठेवू?”

एकदा त्याने पिशवीतून काकडी काढली.

“काकडी?” मी विचारलं. “तिचं नुसतं पाणी होईल.”

“हो… असेल.”

“मग आणलीत कशाला?”

“बाजारात दुसरं काही नव्हतं.”

बाजार भाज्यांनी भरलेला होता. मी सकाळीच जाऊन आले होते. पण काही न बोलता मी काकडी चिरली, मीठ लावलं, आणि आम्ही ती तशीच खाल्ली. गार होण्यासारखं काही नसूनही तो अंधार पडायच्या सुमारासच उठला.

आणि मग एका रविवारी तो भाजी न घेता आला. हातात फक्त स्टीलचा डबा.

मी झाकण उघडलं. पातळ, कडा वळलेल्या, एकही डाग न पडलेल्या चकत्या. एक खाल्ली. तिचा आवाज बाहेरच्या खोलीत आत्यालाही ऐकू गेला असणार.

“उत्तम झालेत,” मी म्हटलं. आणि आम्हा दोघांचेही चेहरे उतरले.

“म्हणजे आता शिकायचं काही उरलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“मुद्दाम करपवणार होतो. ट्रे तसाच आत ठेवून बसलोही होतो.” त्याने ओट्याची कड धरली. “मग वाटलं, खोटी कारणं घेऊन तुमच्या दारात किती दिवस उभं राहायचं? मी इथे कामाला आलेला माणूस. तुमच्यावर हे असं कोसळलेलं. विचारलं असतं तर नाही म्हणायला तुम्हाला अवघड गेलं असतं. म्हणून विचारलं नाही. आज विचारतो. चिप्स राहू देत… मला तुम्हाला भेटायला यायचंय. येऊ का? नाही म्हणालात तरी चालेल. पुन्हा त्रास देणार नाही.”

माझ्याकडे उत्तर होतं. कितीतरी रविवारांपासून होतं. ते घशापर्यंत आलं, आणि तिथेच, जिथे माझं सगळं अडतं, तिथे अडलं.

“चहा ठेवते,” मी म्हटलं.

मी भांड्यात पाणी ओतत राहिले. दोन कपांपुरतं झालं, चार कपांपुरतं झालं…

“चहा नको,” तो हळूच म्हणाला. “समजलं मला. येतो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दार लागलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “चहा ठेवते? तो एवढं बोलला, आणि तू त्याला चहा ठेवते म्हणालीस?”

“आत्या, मला नाही जमत.”

“दादाला ऐकू येत नव्हतं, बाई!” ती म्हणाली. “ह्याला येतं!”

मी गॅस बंद केला की नाही, मला आठवत नाही. अनवाणीच बाहेर आले. तो एक मजला खाली पोचला होता.

“थांबा!”

त्याने वर पाहिलं. शेजारच्या दाराची कडी वाजली, कुणीतरी फटीतून बघत होतं. बघू दे. तो एकही पायरी वर चढला नाही. कठड्यावर हात ठेवून नुसता वाट बघत राहिला. मी कठड्यावरून वाकले. माझा आवाज कापत होता, पण निघत होता.

“मी हे बाबांना कधीच म्हटलं नाही. सगळे म्हणतात, त्यांना माहीत होतं. असेलही. पण तुम्हाला नुसतं माहीत असून मला चालणार नाही… मला तुम्ही हवे आहात.”